केसभर जाड

आमच्या जर्मन घरमालकांइतका अचूक नाराज होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नाराज माणसं आपल्याकडे काय कमी आहेत, पण त्यांची नाराजी ढोबळ असते. सगळंच बिघडलंय, सगळेच चोर, असा घाऊक मामला. आमच्या घरमालकांची नाराजी शतांश मिलिमीटरपर्यंत मोजलेली असे. चर्चची घंटा आज चार सेकंद उशिरा वाजली, दाराची वरची बिजागरी खालच्या बिजागरीशी बोलत नाही, शेजाऱ्याच्या कुंपणाचा तिसरा खांब डावीकडे झुकलाय, असं ते रोज न्याहारीच्या टेबलावर शांतपणे जाहीर करत, आणि मगच त्यांचा दिवस सुरू होई. या माणसाविषयी मी पुढे हसत हसतच सांगणार आहे, कारण ते होतेच हसण्यासारखे. पण आधी एक कबुली देऊन टाकतो, नाहीतर मलाच हे लिहवणार नाही. एका रविवारी सकाळी, अकरा माणसांदेखत, मी त्यांना खोटं पाडलं. ते खरं बोलत होते. मी चुकलो होतो, आणि चुकलो नसतो तरी मी जे केलं ते करायला नको होतं.

अठ्ठावन्नच्या सुमाराची ही गोष्ट. पुण्यातल्या कारखान्याने मला दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीत धाडलं होतं. कायझर्सलाउटर्नपासून आगगाडीने अर्ध्या तासावर, टेकडीच्या कुशीतलं एक छोटं गाव; गावाला एक चर्च, एक खानावळ आणि यंत्रं बनवणारा एक कारखाना. कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेल्या फोरमनच्या घरात, माळ्यावरची खोली मला मिळाली. अशा फोरमनला तिथे माइस्टर म्हणतात. ही पदवी पुष्कळ वर्षं हात काळे केल्यावर मिळते आणि मग ती माणसाच्या नावावर अशी चढून बसते की खालचं नाव दिसेनासं होतं. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. त्यांची बायकोदेखील स्वयंपाकघरातून 'माइस्टर, जेवायला' असंच ओरडे. खोली दाखवण्याआधी त्यांनी माझे कागद पाहिले नाहीत. हात दाखवा म्हणाले. मी दोन्ही पंजे पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, नखांवरून अंगठा फिरवला आणि लेथवर किती वर्षं काम केलंय ते विचारलं. मी म्हटलं, तीन. ते म्हणाले, "दिसत नाही." आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

त्या घरात राहणं म्हणजे कायम तपासणीच्या टेबलावर राहणं होतं. पावाचा काप आठ मिलिमीटर जाड हवा. नऊ झाला की तो काप नाही, ठोकळा. बटाट्याचे गोळे सूपमध्ये सोडायचे ते सगळे एका मापाचे, कारण एक मोठा असला तर बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबून राहावं लागतं आणि हे बाकीच्यांवर अन्यायाचं आहे. शेजाऱ्याच्या कुंपणाजवळून जाताना ते रोज एक डोळा मिटून त्या तिसऱ्या खांबाकडे बघत आणि उसासा टाकत. वर्षभर उसासे ऐकून शेजारी कंटाळला आणि एका शनिवारी त्याने खांब उपटून सरळ बसवला. दुसऱ्या दिवशी माइस्टर तिथे थांबले, एक डोळा मिटला, आणि पुन्हा उसासले. तिसरा सरळ झाल्यामुळे आता चौथा वाकडा दिसायला लागला होता. शेजाऱ्याने त्यानंतर त्यांच्याशी बोलणं सोडलं. माइस्टरांना याचं वाईट वाटलं नाही. त्यांच्या मते तो माणूस खांबांच्या बाबतीत मुळातच गंभीर नव्हता.

हायडेलबर्गला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करणारा माझा मित्र वसंत महिन्यातून एखाद्या रविवारी येई. येताना कुठून तरी कणीक मिळवून आणी, आणि आम्ही माळ्यावरच्या एका बर्नरवर बिअरच्या बाटलीने पोळ्या लाटत असू. असंच एकदा वासाने माइस्टर वर आले. दारात उभं राहून त्यांनी बराच वेळ पाहिलं, खाली गेले, मापाचा व्हर्नियर घेऊन परत आले, आणि वसंताने नुकत्याच तव्यावरून उतरवलेल्या पोळीचा व्यास तीन बाजूंनी मोजला. म्हणाले, "हं. तीन मापं, तीन आकडे." वसंता तापला. मला मराठीत म्हणाला, "अरे, सांग ना त्यांना, हिला पोळी म्हणतात म्हणावं, बेअरिंग नाही." मी जमेल तितकं मऊ करून सांगितलं. माइस्टरांनी विचार केला. "बेअरिंग मी खाल्लं नसतं," ते म्हणाले, आणि ती पोळी घडी करून, नुसत्या मिठाशी खाल्ली. मग दुसरी मागितली. चवीबद्दल काय मत आहे ते वसंताने मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, चव मला मोजता येत नाही, तेव्हा त्यावर मी बोलत नाही. पुढच्या खेपेपासून वसंता येणार असला की ते रविवारी दुपारी जिन्यात काहीतरी दुरुस्त करत बसलेले आढळत. जिन्यात तोपर्यंत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एखादी घडवलेली वस्तू त्यांच्यापुढे ठेवली की मात्र विनोद संपे. आधी ते ती हातात घेऊन नुसतं वजन पाहत. मग नखाने जोडरेषेवरून एक रेघ ओढत. मग कानाजवळ नेऊन हलवत, आणि त्या वेळी बायकोने भांडं वाजवलं तर तिच्याकडे असं बघत की ती हातातला डाव हवेतच धरून ठेवी. मग उजेडापुढे. आणि सगळ्यात शेवटी, डोळे मिटून, अंगठा. हा उजवा अंगठा त्यांनी चाळीस वर्षं पोलादावर घासून असा केला होता की त्यावर ठसा उरला नव्हता. तपासणी झाली की ते 'या' म्हणत, म्हणजे जर्मनमधलं हो, आणि त्या एका शब्दाच्या त्यांच्याकडे निदान सहा तऱ्हा होत्या. त्यांतल्या पाचांचा अर्थ पुन्हा करून आणा असा होता. खरी पसंती मिळाली तर ते म्हणत, नाव ठेवायला जागा नाही. हे त्यांनी आयुष्यात तीनदाच म्हटलंय असं त्यांची बायको सांगे: एकदा एका स्विस लेथबद्दल, एकदा स्वतःच्या कवळीबद्दल, आणि एकदा तिच्याबद्दल, पण ते बंद दाराआडून, आणि तिला ऐकू जाणार नाही असं समजून.

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे. त्यांना दिसेनासं होत चाललं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मला कळलं ते असं की, एका संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावून सांगितलं की तुमचे जर्मन उच्चार भयंकर आहेत, तेव्हा रोज जेवणानंतर मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत चला. काही दिवसांनी माझे आकड्यांचे उच्चार त्यांना विशेष भयंकर वाटू लागले आणि ते मला गॅसचं मीटर वाचायला लावू लागले. मी मूर्ख नव्हतो. हा माणूस मला शिकवत नाहीये, माझ्या डोळ्यांनी वाचतो आहे, हे मला आठवड्याभरात उमगलं. मी काही बोललो नाही, त्यांनीही नाही. वाचताना मी चुकलो की ते जोरात टेबलावर बोट आपटत, आणि त्यांचा मान राहिला म्हणून मलाही बरं वाटे. तेव्हा मी चांगला माणूस होतो, निदान संध्याकाळी साडेसहा ते सात.

गावात नेमबाजांचं एक जुनं मंडळ होतं. फेराइन म्हणायचं त्याला. युद्धानंतर परदेशी सैन्याने सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेतल्या तेव्हा मंडळही बंद पडलं होतं. ते आता पुन्हा सुरू झालं होतं, आणि पणजोबांच्या काळची, तोंडाकडून दारू-गोळी ठासायची एक बंदूक कुणाच्या तरी माळ्यावरून खाली उतरली होती. दर वर्षी एका दिवशी तिने निशाण मारायचं, आणि जो मारील त्याच्या गळ्यात वर्षभर चांदीची साखळी. पण अशा बंदुकीची गोळी दुकानात मिळत नाही. ती शिसं वितळवून साच्यात ओतायची असते, आणि जुना साचा बंदुकांबरोबर गेला होता. नवा करायचं ठरलं. काम आमच्या कारखान्यातल्या प्रशिक्षण विभागाकडे आलं आणि विभागप्रमुखांनी ते मला दिलं. साचा पास करायचा अधिकार अर्थातच माइस्टरांचा. मंडळात साखळी कोणाच्याही गळ्यात जावो, साचा आणि बंदूक तपासायचं काम वर्षानुवर्षं त्यांचं होतं. ते नेमबाज म्हणून अगदी सामान्य होते. त्या खानावळीतल्या टेबलाशी त्यांची जी खुर्ची होती ती केवळ त्यांच्या शब्दावर होती.

साचा म्हणजे दिसायला पक्कडच. पुढे पोलादाच्या दोन पाकळ्या, प्रत्येकीत अर्ध्या गोळीचा खळगा. मिटल्या की आत पूर्ण गोल. वर एक सरकती पट्टी, तिच्या भोकातून शिसं ओतायचं. ऐकायला सोपं, पण दोन खळगे एकमेकांसमोर नेमके आले नाहीत तर गोळीला कंबर सुटते, आणि मिटलेल्या पाकळ्यांत फट राहिली तर तिला पंख फुटतात. मी तीन आठवडे खपलो. असं काम मी आधी केलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर नंतरही केलं नाही. शेवटच्या दिवशी सहा गोळ्या ओतल्या, आणि त्या मोजायला घेताना शतांश मिलिमीटर मोजणारा माझा मायक्रोमीटर हातातून निसटून फरशीवर पडला.

त्या टूलरूममध्ये एक नियम होता, आणि तो सगळ्या नियमांचा बाप होता. मायक्रोमीटर पडला की उचलायचा, पुसायचा नाही, वापरायचा नाही, सरळ तपासणी खिडकीवर नेऊन म्हणायचं, पडला. शिक्षा काही नसे. ते फक्त वहीत लिहून ठेवत आणि नेमक्या मापाच्या प्रमाण ठोकळ्याशी ताडून परत देत. पण त्या वहीत सहा महिन्यांत माझं नाव दोनदा आलं होतं. दोन महिन्यांनी मला झॉइग्निस मिळायचं होतं, म्हणजे कामाचा आणि वागणुकीचा दाखला, आणि पुण्यातली माझी पुढची जागा त्या कागदावर टांगलेली होती. मी इकडेतिकडे पाहिलं, मायक्रोमीटर उचलला, आणि आपल्याकडे पडलेला चमचा पुसतात तसा शर्टाला पुसला. गोळ्या मोजल्या. माप हवं तितकंच आलं. तपासणीच्या कागदावर सही केली.

रविवारी चर्च सुटल्यावर खानावळीच्या मागच्या खोलीत मंडळ जमलं. अध्यक्ष गावातले औषधवाले होते; टापटीप, बोलण्यात गोड, आणि माइस्टरांच्या शतांशाएवढ्या नाराज्यांना वीस वर्षं पुरून उरलेले. माइस्टर काळा कोट घालून आले होते. त्यांनी साचा हातात घेतला, उघडला, मिटला, कानाशी नेऊन पुन्हा मिटला. खोलीत कोणी बिअरचा घोटही घेत नव्हतं. मिटलेल्या पाकळ्या त्यांनी खिडकीकडे धरल्या. त्यांतून उजेड येत नव्हता, पण आला असता तरी त्यांना दिसला नसता, हे त्या खोलीत मलाच ठाऊक होतं. मग नखाची रेघ. मग अंगठा आत, दोन्ही खळग्यांत, हळूहळू. ते म्हणाले की पाकळ्या चांगल्या बसतात, कडेला धातूची कूस उरलेली नाही, खळगे समोरासमोर आहेत. आणि क्षणभर थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, इथपर्यंत नाव ठेवायला जागा नाही. बिअरचे पेले टेबलावर आपटून सगळ्यांनी दाद दिली. मला वाटलं मी रडणार.

मग त्यांनी एक गोळी उचलली, अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवली, आणि खाली ठेवली. दुसरी उचलली. म्हणाले, "जाड आहे."

औषधवाल्यांनी विचारलं, किती जाड. माइस्टर म्हणाले, "एक केस. जाड केस. माझा नव्हे, बायकोचा."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण एवढ्या उंचीवरून असा ढकलला गेल्यावर माझ्या डोक्यात तिडीक उठली. मी कागद पुढे केला. आकडे वाचून दाखवले. खिशातून मायक्रोमीटर काढला, तोच, आणि सगळ्यांसमोर एकेक गोळी पुन्हा मोजून दाखवली. औषधवाले म्हणाले, माइस्टर, यंत्र म्हणतंय बरोबर आहे. माइस्टर म्हणाले, माझा अंगठा म्हणतो नाही. कोणी तरी म्हणालं की अंगठ्याचंही वय झालं असेल. पुन्हा हशा. माइस्टर हलले नाहीत. आणि इथे मी ते केलं.

मी मायक्रोमीटर त्यांच्यापुढे धरला आणि अतिशय नम्रपणे म्हणालो, "माइस्टर, आपणच मोजून बघा ना."

त्यांनी तो घेतला. गोळी बसवली, मागची कळ फिरवली, टिक टिक टिक, तीनदा, जशी फिरवावी तशी. चाळीस वर्षांची सवय होती ती. मग मायक्रोमीटर डोळ्यांपाशी नेला. खिडकीकडे वळले. उजेड कमी आहे म्हणाले. औषधवाल्यांनी उठून पडदा सारला. बाहेर लख्ख ऊन होतं. माइस्टर त्या उन्हात मायक्रोमीटर धरून उभे राहिले. मागेपुढे करत राहिले. एवढं पुरे होतं. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "मी वाचून दाखवू का?"

त्यांनी मायक्रोमीटर टेबलावर ठेवला, हळू, आवाज न करता. "हेर इंजिनिअरना वाचता येतं," ते म्हणाले; हेर म्हणजे तिथलं श्रीयुत. "कागद द्या." आणि साचा पास केल्याची सही केली. सही कागदाच्या रेघेखाली गेली. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवसापासून घरातली नाराजी बंद झाली. चर्चची घंटा कधीही वाजो, ते काही म्हणत नसत. पावाचा काप बोटभर जाड आला तरी खात. वर्तमानपत्र वाचायला बोलावणं आलं नाही. माझे उच्चार बहुधा सुधारले असावेत. चौथ्या दिवशी त्यांची बायको धापा टाकत माळ्यावर आली. ती बाई कधी जिना चढत नसे. दार लावून घेऊन तिने मला विचारलं, "काय केलंत तुम्ही त्यांना? काल म्हणाले, सूप चांगलं आहे." मी म्हटलं, असेल चांगलं. ती म्हणाली, खारट होतं, मी दोनदा मीठ घातलं होतं, मुद्दाम.

त्यानंतरच्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत टूलरूममध्ये कोणी नसताना, मी मायक्रोमीटर प्रमाण ठोकळ्यावर लावला. आठ शतांश कमी दाखवत होता. म्हणजे गोळ्या आठ शतांश जाड होत्या. एक केस, जाड. मी छोट्या किल्लीने त्याचं शून्य अर्ध्या मिनिटात जागेवर आणलं आणि तो डब्यात ठेवला. ती किल्ली खिशात टाकताना, आता जाऊन सांगावं, असं मनात आलं होतं. झॉइग्निस आठवलं. आधी ते हातात येऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. असं ठरवणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

वार्षिक नेमबाजीच्या दिवशी औषधवाल्यांची गोळी नळीत अर्ध्यावर अडकली. बँडवाले वाजवायचे थांबले. अध्यक्षमहाशय पिसांची टोपी घालून, लाकडी गज हातोडीने ठोकत, घामाघूम होऊन नळीशी झुंजत होते आणि गावातल्या बायका तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. हे दृश्य इतकं सुंदर होतं की दुसऱ्या कुठल्याही वर्षी माइस्टरांनी ते महिनाभर चघळलं असतं. पण साचा कोणी पास केला, असा प्रश्न निघाला, आणि सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी मला वाचवायचं काही कारण नव्हतं. 'मी सांगितलं होतं' एवढे तीन शब्द पुरले असते. ते म्हणाले, "सही माझी आहे." टोपी घातली आणि घरी गेले. पुढल्या महिन्यापासून खानावळीत त्यांची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. मला झॉइग्निस मिळालं. त्यात माझ्या कामाबद्दल जो शब्द होता, त्याचा अर्थ सदसद्विवेकाला जागणारा असा होतो. ते इंग्रजीत, मग मराठीत भाषांतर करून मी पुण्याला साहेबांच्या टेबलावर ठेवलं, आणि त्यांनी मला तपासणी विभाग दिला.

आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या कामावर सह्या करत होतो. लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी हे सगळं एकदा बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या, जुनी गोष्ट. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, आमटीत मीठ कमी आहे हे सगळ्या पाहुण्यांदेखत सांगता मला. आणि त्या म्हाताऱ्याला एवढं सांगवलं नाही तुम्हाला?" नंतर दोन दिवस आमटीत मीठ बरोबर होतं की नाही ते मी सांगितलं नाही.

सहासष्टच्या सुमारास कारखान्याने एक यंत्र पाहायला मला फ्रँकफुर्टला पाठवलं. काम शुक्रवारी संपलं. शनिवारी सकाळी मी त्या गावच्या स्टेशनवर उतरलो. दार माइस्टरांच्या बायकोने उघडलं, मला ओळखलं, आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. माइस्टर खुर्चीत बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा होता. एक शस्त्रक्रिया झाली होती, उपयोग झाला नव्हता. माझा आवाज ऐकून म्हणाले, उच्चार पुन्हा बिघडले तुमचे.

मी कोटही न काढता सांगून टाकलं. मायक्रोमीटर पडला होता, मी पुसला, वहीत लिहिलं नाही, नंतर ताडून पाहिला. त्यांनी मधेच हात वर केला. "किती?"

"आठ."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं त्यांना भरून आलं. मग नाराज होऊन म्हणाले, "मला सात वाटलं होतं." आणि उजव्या अंगठ्याचं टोक त्या शतांशासाठी खूप वेळ चोळत बसले. त्यांची बायको चुलीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की काय, मला दिसलं नाही.

मी म्हटलं, माइस्टर, मला माफ करा. ते म्हणाले, "इथे नको. इथे झालं नव्हतं ते. उद्या रविवार आहे." माझं विमान रविवारी दुपारचं होतं. मी ते बदलून घेतलं.

अकरांपैकी सहाजण उरले होते. औषधवाले अजून अध्यक्ष होते, पण कानाने अधू झाले होते. माइस्टरांना मी हाताला धरून आत नेलं तेव्हा सगळे उठून उभे राहिले. आठ वर्षांत ते तिथे आले नव्हते. मी टेबलाच्या टोकाशी उभा राहिलो आणि पाठ केलेलं जर्मन बोलायला लागलो. मायक्रोमीटर पडला होता. आठ शतांश कमी दाखवत होता. गोळी जाड होती, माइस्टर बरोबर होते, नेमबाजीच्या दिवशी जे झालं त्यात त्यांचा दोष नव्हता. शेजारच्याने ते औषधवाल्यांच्या कानात पुन्हा सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. म्हणाले, गेनाऊ, अगदी बरोबर, तेव्हा दोष उपकरणाचा होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी तरी माझ्यासाठी खुर्ची ओढली, कोणी बिअर मागवली. एवढ्या दुरून एवढ्यासाठी आलो म्हणून माझं कौतुकही सुरू झालं. माइस्टरांचे दोन्ही हात टेबलावर होते आणि तोंड माझ्याकडे नव्हतं.

मी बसणार होतो. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलाही होता.

मी म्हटलं, नाही, दोष उपकरणाचा नव्हता. पुढचं मी पाठ केलेलं नव्हतं, त्यामुळे आवाज खाली गेला आणि क्रियापदं कुठेही पडू लागली. औषधवाल्यांनी कानामागे हात धरला आणि शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणतायत ते.

"मोठ्याने, हेर इंजिनिअर," माइस्टर म्हणाले. "त्यांना ऐकू जात नाही."

मी त्यांच्या खुर्चीजवळ गेलो, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "माइस्टरांना आकडे दिसत नाहीत हे मला त्या दिवशी माहीत होतं. मी रोज संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. दिसत नाही हे माहीत होतं म्हणूनच मी मायक्रोमीटर त्यांच्या हातात दिला. तुम्ही सगळे हसावं म्हणून दिला. माइस्टर, मी तुमचा अपमान केला, जाणूनबुजून केला. मला माफ करा."